रोमुलोचे न धुतलेले कपडे

एवारिस्ता चाल्लापा जन्मात कुणाला भ्यायली नाही. लामा नावाची लोकरीची जनावरं पाळणाऱ्या आमच्या चुल्लुरी गावात चराईवरून भांडणं नवीन नाहीत, पण भर सभेत गावच्या प्रमुखाला "तुझ्यापेक्षा माझ्या लंगड्या लामाला जास्त कळतं" असं सुनावणारी बाई एकच. नवरा प्रिमितीवो शेजारी टोपी हातात घेऊन उभा असायचा आणि बायकोचं बोलून होईपर्यंत जमिनीकडे बघायचा. त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. लग्नानंतर त्याच्यावर तशी फारशी पाळीच आली नाही.

अशी ही बाई. अठ्ठावन्न वर्षांची, गुडघ्यांनी अधू, डोंगरावरच्या विरळ हवेत जन्मलेली आणि समुद्राचा वास आला की शाल नाकाशी धरणारी. गेले आठ महिने ती वाळवंटाच्या किनाऱ्याने बसमधून फिरत होती. महिन्यातले पंधरा दिवस वर गावात लामांपाशी, पंधरा दिवस खाली. पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात बांधलेलं गाठोडं, आणि गाठोड्यात गाठ मारलेली एक प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही. नवऱ्यानेसुद्धा नाही.

पिशवीत तिच्या धाकट्याचे, रोमुलोचे कपडे होते.

दोन्ही मुली लग्न होऊन इकीके शहरात गेल्या. रोमुलो तेवढा आपल्यापाशी राहील असं तिनं धरून ठेवलं होतं. पण लामांच्या मागे फिरण्यात पोराचा जीव रमेना. खाली किनाऱ्यावर खडकांवरचं शेवाळ उपटून, वाळवून ट्रकवाल्यांना देतात, त्यात चांगलं सुटतं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. गेला. दोन वर्षं पत्र्याच्या झोपडीत राहिला. दर सणाला वर यायचा तेव्हा अंगाला शेवाळाचा वास यायचा, आणि एवारिस्ता नाक मुरडून म्हणायची, "आधी आंघोळ कर मेल्या, मग जेवायला बस." आता हे शब्द आठवले की ती स्वतःलाच शिव्या घालायची.

जुलैमध्ये समुद्र खवळलेला असतो. जाणती माणसं तेव्हा खडकाच्या टोकाला जात नाहीत. रोमुलो गेला. पहारीने शेवाळ उचकटत होता, लाट आली, आणि लाट ओसरली तेव्हा खडकावर पोरगाही नव्हता आणि पहारही नव्हती. सोबत्यांनी चार दिवस शोधलं. सरकारी बोट दोन चकरा मारून गेली. आईबाप पोचले तेव्हा झोपडीत खिळ्याला टांगलेला एक तपकिरी स्वेटर, एक पँट, एक बनियन, मोजे आणि टोपी एवढंच उरलं होतं. स्वेटर एवारिस्तानेच विणलेला. तिने तो तोंडाशी धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

आमच्याकडे माणूस गेला की आठव्या दिवशी त्याचे कपडे धुतात. घरच्यांनी धुवायचे नसतात. परक्याने धुवायचे, वाहत्या पाण्यात. उन्हात वाळवायचे आणि सूर्य बुडायच्या आत, त्याच्या आवडीचं खाणं शेजारी ठेवून, जाळायचे. मग तो कपडे अंगावर घालून निघतो, पश्चिमेला, समुद्र ओलांडून. धुतलेच नाहीत तर उघडाच बसून राहतो काठावर. दुसऱ्यांच्यात काय करतात मला ठाऊक नाही, आमच्यात हे असं आहे.

आठवा दिवस आला. परका म्हणून प्रिमितीवोचा मित्र हजर झाला, ओढ्याला पाणी होतं, लाकडं होती. एवारिस्ताने पिशवी मांडीखाली घेतली आणि त्यावर बसून राहिली.

"तो तिकडे थंडीत उघडा बसलाय," प्रिमितीवो म्हणाला.

"उघडा बसायला मेलाय का तो?"

"सगळ्यांनी बघितलं, एवारिस्ता."

"लाट बघितली सगळ्यांनी. प्रेत कुणी बघितलं? प्रेत आणून दाखवा, मी स्वतः साबण आणून देते." मग आवाज उतरवून म्हणाली, "डोक्याला मार बसून नाव-गाव विसरला असेल. एखाद्या बोटीने उचलून कुठल्या तरी वस्तीवर सोडला असेल. रेडिओवर सांगतात की असं."

रेडिओवर कोण आणि काय सांगतं देव जाणे. पण तिचं ठरलं. किनाऱ्यावरची एकेक वस्ती पालथी घालायची. आणि पोरगा सापडेपर्यंत कपडे धुवायचे नाहीत. कारण धुतले की तो मेला, आणि नाही धुतले तर नाही मेला, एवढा सरळ हिशेब होता तिचा. गावाने आधी कीव केली, मग कुजबूज. जानेवारीत, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, अवेळी हिम पडलं, लामांची अकरा पिल्लं दगावली, तेव्हा लोक उघडच बोलायला लागले की गेलेल्याला वाटेला लावला नाही, त्याची ही फळं. एवारिस्ताने प्रत्येकाच्या दारात जाऊन त्याच्या त्याच्या घराण्याची कुंडली मांडली, पण पिल्लं मेली होती ती मेलीच होती, आणि तिलाही रात्री तेच डोक्यात यायचं.

रोज संध्याकाळी, जिथे असेल तिथे, ती पिशवीची गाठ सोडायची. स्वेटर बाहेर काढायची नाही, नुसतं तोंड आत घालून एकदाच श्वास घ्यायची. धुराचा वास, घामाचा, त्या घाणेरड्या शेवाळाचा. लगेच गाठ. दोनदा घेतला तर लवकर संपेल अशी तिला भीती. खरं तर संपतच आला होता. मार्चपर्यंत त्याच्यापेक्षा प्लास्टिकचाच वास जास्त यायला लागला होता, पण हे ती कुणाजवळ बोलली नाही.

मार्चमधल्या त्या बसमध्ये निम्मी गर्दी दक्षिणेकडच्या कॉलेजच्या पोरांची होती. उन्हाळ्यात ही पोरं पाठीवर घराएवढ्या पिशव्या लादून किनाराभर फिरत असतात. कंडक्टर या जोडप्याला आता ओळखायचा.

"काय आजोबा, तुम्हीपण सुट्टीला निघालात वाटतं बॅग मारून?"

प्रिमितीवोच्या पाठीवर रोमुलोची शाळेतली बॅग होती, भोपळ्यासारखं तोंड असलेल्या कुठल्याशा कार्टूनची. तो कसंनुसं हसला. शेजारच्या सीटवर एक पोरगी आणि तिचा मित्र होता, उन्हाने नाकाची सालं निघालेली, खुशीत. पोरगी एवारिस्ताकडे वाकून म्हणाली, "आजी, तुम्ही दोघंच फिरताय? किती गोड. किती दिवस झाले?"

"आठ महिने," एवारिस्ता म्हणाली.

"बाप रे, आठ महिने! आम्ही तीनच आठवडे. सगळ्यात छान काय वाटलं तुम्हाला?"

गावात असती तर एवारिस्ताने या पोरीला उभी चिरली असती. पण पोरीच्या डोळ्यांत खोट नव्हती. आणि एवारिस्ता दमली होती. सकाळपासून अंगात कणकण होती, आदल्या वस्तीवर खाल्लेले शिंपले बाधले होते. ती म्हणाली, "अजून सापडलं नाही," आणि खिडकीकडे तोंड केलं. एका बाजूला कोरडाठाक डोंगर, दुसऱ्या बाजूला ते पाणी. एवढं पाणी आणि काठाला एक गवताचं पातं नाही. तिला त्या समुद्राचा मनापासून संताप यायचा.

ला काम्पाना वस्ती यायच्या आधीच तिला उलटी झाली. अंगावर, शालीवर, गाठोड्यावर. पोरीने स्वतःचा रुमाल दिला, तिच्या मित्राने गाठोडं उचलून खाली दिलं. बस निघून गेली आणि रस्त्याकडेच्या खानावळीतून एक जाडजूड बाई हात पुसत पळत आली. ही एल्सिराबाई, तिकडच्या बोलीत दोन्या एल्सिरा. पन्नाशीची विधवा, मासे तळायची, जाळी शिवायची, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. एरवी एवारिस्ताला जोडीदारीण शोभली असती.

"अगं बाई, ही तर तापाने फणफणलीय. अहो आजोबा, बघत काय बसलात, धरा तिकडून. ताई, माझ्या खाटेवर पडा. काही बोलू नका, पडा आधी."

"पिशवी," एवारिस्ता म्हणाली.

"आहे, आहे, सगळं आहे इथंच."

एवारिस्ताने हात लांब करून गाठोडं चाचपलं, पिशवी उशाला ओढून घेतली, आणि मग तिला काही कळलं नाही.

प्रिमितीवो तासभर तिच्याजवळ बसला. मग खडकांकडे गेला, शेवाळवाल्यांना विचारायला, कारण जागी झाल्यावर ती पहिलं तेच विचारणार होती. बावीस वर्षांचा, डाव्या भुवईवर व्रण, नाव रोमुलो. एका म्हाताऱ्याने काम थांबवून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "या पट्ट्यातून गेलेला एकही मिळाला नाही, भाऊ. माझा सख्खा भाऊ धरून." प्रिमितीवोला हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तो फक्त बायकोच्या मागून चालत होता.

एवारिस्ताला जाग आली तेव्हा ताप उतरला होता. दारातून ऊन आत आलं होतं. तिने सवयीने डोक्याखाली हात घातला. उशी होती, मऊ, खोळ घातलेली. पिशवी नव्हती.

ती भिंतीला धरून उठली. अनवाणी बाहेर आली. खानावळीच्या मागे दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर तिची शाल वाळत होती. शालीशेजारी गाठोड्याचं कापड. त्याच्याशेजारी पँट, बनियन, मोज्यांची जोडी, टोपी. आणि शेवटी स्वेटर, बाह्या खाली सोडून.

"उठलात होय?" एल्सिरा टब पालथा घालत होती. चेहरा घामेजलेला आणि समाधानी. "बरं झालं. आता पेज देते. ताई, काय अवस्था झाली होती तुमच्या सामानाची. ओकारी पार आतपर्यंत झिरपलेली. ती पिशवी तुमच्या डोक्याखालून काढली तर काय वास! मी म्हटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्याचे कपडे किती दिवसांचे मळलेत, बाई आजारी, धुणार कोण. स्वेटर तर तीनदा घासला. पण निघाला बघा कसा. हात लावून बघा, मऊ झालाय."

एवारिस्ताने हात लावला नाही.

"पाणी," ती म्हणाली. "कुठलं पाणी?"

"टँकर सोमवारी येणार. पिंपात थोडं होतं, तेच वापरलं. असू दे हो, माणूस आजारी असताना पाण्याकडे काय बघायचं? मी शेजारून मागेन प्यायला."

म्हणजे या बाईने आपलं प्यायचं पाणी ओतलं होतं. एवारिस्ताच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच अडली. जिचे केस धरून जमिनीवर आपटावं असं वाटत होतं, तिच्या घरात आता तीन दिवस घोटभर पाणी नव्हतं, आणि ते तिच्याच पायी.

प्रिमितीवो कोपऱ्यात दगडावर बसला होता. टोपी गुडघ्यावर. एवारिस्ता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"टबातलं पाणी," ती घाईघाईने, जवळजवळ समजावत म्हणाली. "ऐकतोयस का? वाहतं नव्हतं. टबात धुतलेलं धरत नाहीत. तुझ्या आजीच्या वेळी पुन्हा धुवायला लावलं होतं, आठवतं? धरत नाहीत."

मध्येच एल्सिरा बोलली, कारण तिला वाटलं तिच्या धुण्याला नाव ठेवताहेत. "नुसतं टबात नाही हो. आधी खाली समुद्रावर नेऊन खळबळून आणला एकेक कपडा, मग टबात. ओकारी काय टबात काढणार? तो स्वेटर तर लाटेने दोनदा हातातून ओढला, गुडघाभर पाण्यात शिरून धरला मी."

एवारिस्ता हळूच खाली बसली. परक्या बाईने, वाहत्या पाण्यात. उन्हात वाळत घातलेले. तिने डोकं सगळीकडून चालवलं, कुठे काही चुकलंय का, एखादी गोष्ट राहिलीय का, पण काही राहिलं नव्हतं. वर गावात मोठ्या माणसांनी उभं राहून करून घेतलं असतं तरी इतकं बिनचूक झालं नसतं.

"तू कुठे होतास?" तिने विचारलं.

"खडकांवर." मग तो म्हणाला, "परत आलो तेव्हा स्वेटर टबात होता. पँट बाहेर होती. कोरडी."

"कोरडी होती?"

"हो."

"आणि तू थांबवलं नाहीस तिला."

प्रिमितीवोने टोपी उलटी केली, सुलटी केली. "अर्धा पोरगा ठेवून काय करणार होतो आपण?" तो म्हणाला. आणि मग हा माणूस, ज्याला कुणी कधी रडताना बघितलं नव्हतं, तोंड वासून रडायला लागला, लहान पोरासारखा, आवाज करून. एवारिस्ताला त्याला मारावंसं वाटलं. तिने मारलंही, मुठीने, खांद्यावर, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तो त्याच्या मानेवर तसाच राहिला.

एल्सिराला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते एवारिस्तानेच सांगितलं, चार वाक्यांत. एल्सिरा टबावर मटकन बसली. "मला काय माहीत," एवढंच ती म्हणत राहिली. "ताई, मला काय माहीत हो. मी आपलं चांगलं म्हणून."

"चांगलंच झालंय," एवारिस्ता म्हणाली. "स्वच्छ निघालेत."

हे ती खरं बोलली की तोंडदेखलं, मला सांगता येणार नाही. तिलाही आलं नसतं.

त्या उन्हात कपडे वाळायला वेळ लागत नाही. एवारिस्ताने एकेक उतरवला. स्वेटर हातात घेऊन नाकाशी नेला, एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा, आता जपून घ्यायचं काही कारण नव्हतं. साबण. काखेत, गळ्याशी, बाह्यांच्या टोकाला, सगळीकडे साबण. कुणाच्याही पोराचा असावा असा स्वेटर. तिने घडी घातली.

सूर्य बुडायला तासभर होता. तिघं खाली वाळूत गेली. लाकूड त्या किनाऱ्यावर कुठलं असायला, एल्सिराने माशांच्या मोडक्या पेट्या आणल्या, आणि न सांगता एका ताटलीत तळलेला मासा आणि बटाटे. "इकडे राहून हेच खात असेल ना तो," ती भीत भीत म्हणाली. एवारिस्ताने ताटली घेतली आणि पेट्यांशेजारी ठेवली. प्रिमितीवोने बॅगेतून भाजलेला मका काढला, तोही ठेवला.

आधी मोजे, मग पँट. बनियन भुरकन गेलं. लोकर मात्र पटकन पेटत नाही. स्वेटर काळा पडत होता, धुमसत होता, करपल्या केसांचा उग्र वास सुटला होता, पण जळत नव्हता. एवारिस्ताने काठीने तो आत ढकलला. "हा आधी घाल," ती आगीकडे बघत, घरात बोलतात तशी बोलली. "पाण्यावर गार वारा असतो. बाकीचं मागून घाल. आणि तुला आंघोळ कर म्हणायचे ना मी, ते मनावर घेऊ नकोस. तसाच बस जेवायला." प्रिमितीवोने काठी तिच्या हातातून घेतली आणि उरलेलं काम केलं.

सूर्य टेकला तेव्हा राख उरली होती. आमच्यात त्या राखेपासून परत फिरताना मागे वळून बघायचं नसतं. जो बघेल त्याला गेलेला माणूस हाताला धरून बरोबर घेऊन जातो. म्हणून प्रिमितीवो निघाला तो मान खाली घालून, पुढे. एल्सिराला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, ती त्याच्या मागोमाग, पदोपदी नाक पुसत. एवारिस्ता सगळ्यांत शेवटी.

दहा पावलं गेली आणि ती थांबली. तिला नियम माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये. गावात इतरांना दटावणारी तीच होती. ती वळली. सरळ उभी राहिली आणि उजवा हात अंगापासून थोडा लांब धरला, बोटं उघडी ठेवून. मनात म्हणाली, ने. तुझ्याबरोबर ने, मला काही म्हणायचं नाही.

ती बराच वेळ तशी उभी होती. लाट आली, राखेच्या अलीकडपर्यंत येऊन परतली. हाताला वारा लागत होता, दुसरं काही लागलं नाही. पुढे प्रिमितीवो तिची वाट बघत थांबला होता, न वळता. अंधारून यायला लागलं तशी तिने बोटं मिटली, हात खाली घेतला आणि त्याच्याकडे चालायला लागली.